परदेशी भाषा नेमकी कशासाठी? यावलच्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

यावल तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरची केळी आहे, इंग्रजी जेमतेम. दोन मित्र जर्मनच्या क्लासला लागलेत, 'लई स्कोप आहे' म्हणतात. वडील म्हणतात, आधी बागेत लक्ष घाल. मोबाइल आता कुठल्याही भाषेचं भाषांतर करून देतो, मग परदेशी भाषा शिकायला खरंच काही कारण उरलंय का? आणि शिकायचीच तर कोणती?

मी जळगावात बरीच वर्षं जर्मन शिकवते. जपानीही शिकले आहे, पण दुसऱ्याला शिकवावी इतकी नाही. जे लिहिते ते वर्गात जे बघितलं त्यावरून, आणि माझा पोटापाण्याचा धंदा भाषा शिकवण्याचाच आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आधी त्या 'स्कोप'चं बघू. जूनमध्ये बॅच भरते तेव्हा बसायला खुर्च्या कमी पडतात. दिवाळीनंतर त्याच वर्गात पोरं पाय पसरून बसतात, इतकी जागा झालेली असते. गळणारे मठ्ठ असतात म्हणावं तर तसं नाही, कित्येकदा हुशारच आधी गळतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, का शिकताय? 'स्कोप आहे', 'सीव्हीला बरं दिसतं', 'मैत्रिणीने लावला म्हणून', अशी उत्तरं देणारे नवरात्रापर्यंत टिकतात. टिकून राहतो तो, ज्याच्या उत्तरात एखादा माणूस किंवा एखादी जागा असते. मावसभाऊ स्टुटगार्टला वर्कशॉपमध्ये आहे आणि त्याच्या मालकाने बोलावलंय. सिव्हिलमध्ये नर्स आहे, तिकडे जायचंय, जर्मन पेशंटशी बोलावं लागेल. सुनेची आई तिकडची आहे, पुढच्या वर्षी भेटायला येतेय. ही कारणं लहान-मोठी असतील, पण त्यांत समोर कोण बसलंय ते ठरलेलं आहे. चौथ्या महिन्यात व्याकरण अंगावर येतं तेव्हा 'स्कोप' कामाला येत नाही, तो समोरचा माणूस येतो.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून विचारते. ही भाषा आली तर तुम्ही कोणाशी, कशाबद्दल बोलणार किंवा काय वाचणार? एका वाक्यात सांगता आलं तर कोणती भाषा, किती आणि किती दिवसांत, हे सगळं त्या वाक्यातूनच निघतं. नाही सांगता आलं तर तूर्त फी भरू नका. हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात लिहितेय, पण खरं आहे.

आता नोकरीचं कारण. सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जर्मनीला माणसं हवी आहेत, ही अफवा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जण पाठवायचे अशी योजना होती, त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे व्यवसाय होते. तेव्हापासून आपल्याकडे आयटीआयची पोरंसुद्धा 'गुटेन मॉर्गेन' म्हणत फिरतात. चांगलंच आहे. पण करार आणि तुमचं विमान यांच्यामध्ये भाषेचा एक मोठा जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या एजंट सांगत नाही.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या धरतात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगणं, भाजी घेणं, वेळ विचारणं. त्यावर नोकरी मिळत नाही. तिकडे प्रशिक्षणार्थी म्हणून पगारी शिकायला जायचं असेल, ज्याला ते आउसबिल्डुंग म्हणतात, तर साधारण बी-१ लागतं. नर्सला आपल्या पदवीची तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर सर्वसाधारणपणे बी-२. डॉक्टरला बी-२ च्या वर आणखी वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, आणि तिची पातळी सी-१ ची. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने शून्यापासून बी-२ पर्यंत पोहोचायला पाऊण तासाच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात. त्याशिवाय घरचा अभ्यास वेगळा. आता 'तीन महिन्यांत बी-२, नोकरीची गॅरंटी' अशी जाहिरात दिसली तर हा आकडा तेवढ्या दिवसांनी भागून बघा. रोज किती तास शिकवणार ते तुम्हालाच कळेल.

एजंटच्या बाबतीत माझा एकच नियम आहे. पैसे घेण्याआधी जो तुम्हाला परीक्षेची पातळी आणि मालकाचं नाव लेखी देतो त्याच्याशी पुढे बोला. 'आधी भरा, मालक नंतर सांगतो' म्हणणारा कितीही गोड बोलो, बाप्पा, उठून घरी या. शेत गहाण टाकून पैसे भरलेली आणि ए-२ वर अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना भाषा जड गेली म्हणून ती अडकली नाहीत. किती जिना चढायचाय ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

जपानचं गणित वेगळं आहे. २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कुशल कामगार' नावाचा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. वृद्धांची देखभाल, शेती, हॉटेलचं काम, इमारतींची सफाई अशी क्षेत्रं त्यात येतात. भाषेची अट जपानी परीक्षेच्या एन-४ पातळीची किंवा त्यासारख्या दुसऱ्या मूलभूत परीक्षेची, शिवाय त्या-त्या कामाची परीक्षा. एन-५ सगळ्यात खालची पायरी आणि एन-१ सगळ्यात वरची, म्हणजे एन-४ फार वरची नाही. पण या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, सगळे पर्यायी प्रश्न. खुणा करून पास झालेली मुलं मुलाखतीत तोंड उघडत नाहीत, ते यामुळे. काम आजी-आजोबांना सांभाळण्याचं आणि आजींना कुठे दुखतंय ते विचारता येत नाही, मग प्रमाणपत्र घेऊन काय करणार? जपानी शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून बोलायचं, परीक्षेत ते असो वा नसो.

रशिया, कझाकस्तानला एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी एवढंच: शिक्षण इंग्रजीत आहे असं सांगतात, आणि पुस्तकापुरतं ते असतंही. वॉर्डातला पेशंट मात्र रशियन, नाहीतर कझाक बोलतो. तिसऱ्या वर्षानंतर रोगाची माहिती पेशंटच्या तोंडून घ्यायची असते. जायच्या आधी सहा महिने रशियन करून गेलेली मुलं तिथे किती सुखाने राहतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

आता तुमच्या इंग्रजीचं. 'इंग्रजीच धड येत नाही, जर्मन काय येणार' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. जर्मनला इंग्रजीची पूर्वअट नाही. उलट मराठी शाळेत शिकलेल्या पोराजवळ अशा गोष्टी असतात ज्या इंग्रजी माध्यमवाल्याला नव्याने शिकाव्या लागतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. आपल्याला तीनची सवय आहे, हिंदीवाल्याला दोनचीच. जर्मनमध्ये चार विभक्त्या आहेत. आपण 'प्रथमा, द्वितीया, तृतीया' करत शाळेत आठ पाठ केल्या आणि परीक्षा संपल्यावर विसरलो, पण डोक्यात खाचा पडलेल्या असतात. 'मला माहीत आहे की तो उद्या येणार आहे' यातल्यासारखं क्रियापद शेवटी टाकणं जर्मन दुय्यम वाक्यात रोजचं आहे. इंग्रजीतून विचार करणारा तिथे ठेचकाळतो, आपली पोरं सरळ निघून जातात.

जपानीत तर हे आणखी ठळक दिसतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी भाषकाला जपानीसाठी २,२०० वर्गतास लागतात असं धरते आणि जर्मनला त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा आकडा पाहून आपली मुलं घाबरतात. पण तो इंग्रजी भाषकाचा आकडा आहे. जपानी वाक्यात कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. आपले 'ला, ने, त, वर' जसे नामाच्या मागे लागतात तसेच त्यांचेही प्रत्यय मागून लागतात. नामांना लिंग नाही, बहुवचनाची कटकट नाही. व्याकरणात आपण अर्धी वाट आधीच चाललेलो असतो. लिपीत मात्र सवलत नाही: हिरागाना आणि काताकाना प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आणि जपानी शाळेत रोजच्या वापराच्या म्हणून शिकवतात त्या कांजी चित्रलिपीच्या खुणा २,१३६. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की खानदेशातला मुलगा 'दुसरी भाषा' शिकायला येतो तेव्हा ती कधीच दुसरी नसते. तुमच्या घरी लेवा गणबोली असेल. शाळेत पुस्तकी मराठी. गावात पावरा मजूर असतील तर त्यांच्याशी मोडकी पावरी. बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी हिंदी. धुळ्याकडचा असता तर घरी अहिराणी, आणि नवापूरचा असता तर गुजराती धरूनच चाललो असतो. वर्गात मी कधी कधी मुलांना विचारते, कालच्या दिवसात किती बोलींत बोललात? बोटं मोजताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पुण्या-मुंबईच्या एकभाषी घरातल्या मुलापेक्षा ही मुलं भाषा बदलायला कमी बिचकतात. अडचण इतकीच, की यातलं काही 'येतं' म्हणून त्यांनी कधी मोजलेलंच नसतं.

यावरून ते मेंदूचं कारण आठवलं. 'नवी भाषा शिकल्याने बुद्धी तल्लख राहते, म्हातारपणी विसराळूपणा लांबतो' असं सगळीकडे छापून येतं. यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातला, हैदराबादचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण होते, आणि दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षर माणसांतसुद्धा. फार छान. पण त्याच अभ्यासात दोनाच्या वर भाषा येत असण्याचा आणखी फायदा दिसला नाही. म्हणजे तुमची आजी घरी लेवा बोली आणि बाजारात हिंदी बोलत असेल तर तिचं काम झालेलं आहे. त्यासाठी तिला फ्रेंच नको आणि तुम्हालाही नको. जाहिरातीत हे दुसरं वाक्य कधी नसतं.

मोबाइलचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात, आणि माझ्या व्यवसायातले बरेच लोक त्याचं उत्तर टाळतात. मी नाही टाळणार. काही कारणं मोबाइलने खरोखरच संपवली. आठ दिवसांच्या सहलीसाठी भाषा शिकायची गरज उरली नाही. मशीनचं माहितीपत्रक वाचण्यासाठी चिनी शिकायची गरज उरली नाही. जळगावच्या चटईच्या कारखान्यात मशीनवर चिनी अक्षरं असली तर ऑपरेटर फोटो काढतो आणि वाचतो, झालं. ठिबक इस्रायलहून आलं म्हणून हिब्रू शिकू का, असं एकाने विचारलं होतं. तिकडचे शेतीतज्ज्ञ आपल्यापेक्षा सफाईने इंग्रजी बोलतात, गरज नाही. दुबईत दुकानात काम करायला अरबीवाचून अडत नाही, हिंदीवर निम्मं शहर चालतं. आणि पुस्तकी अरबी शिकून गेलात तर रस्त्यावरची अरबी कळत नाही ती नाहीच.

उरली कोणती, ते बघा. जिथे परीक्षेचा कागद मागतात तिथे मोबाइल चालत नाही. व्हिसा अधिकारी तुमच्या फोनला प्रमाणपत्र देत नाही. जिथे हात कामात असतात तिथे चालत नाही: नर्स सुई टोचतेय, वेल्डर वर चढलाय, आजीबाईंना उचलून खुर्चीत बसवायचंय. आणि भाव ठरवताना चालत नाही. समोरचा माणूस त्याच्या भागीदाराकडे वळून अर्धं वाक्य हळू बोलतो, सौदा त्या अर्ध्या वाक्यात असतो, आणि ते कोणी टाइप करून देत नाही.

इथून मी तुमच्या केळीकडे येते, कारण प्रश्नात ती आहे आणि तुम्ही तिला कारणात धरलंच नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावल पट्ट्यातून कंटेनर आखातात जातात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. तिकडचा खरेदीदार बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी जाणणारा माणूस ठेवतो, त्यामुळे केवळ माल विकायला अरबी शिकाच असं मी म्हणणार नाही. पण केळीच्या जगाची भाषा कोणती, याचा कधी विचार केलाय? जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश इक्वेडोर. त्याच्या मागोमागच्या रांगेत ग्वाटेमाला, कोस्टा रिका, कोलंबिया ही नावं येतात. हे सगळे स्पॅनिश बोलणारे देश. युरोपला केळी पुरवणारी कॅनरी बेटं स्पेनची. सिगाटोका, म्हणजे आपला करपा, त्यावर फवारणीचं वेळापत्रक, घडाला पिशवी घालणं, फण्या विरळणं, पॅकहाउसमध्ये फण्या धुण्याची पद्धत, यावर गेल्या कित्येक दशकांत शेतात उभं राहून जे ज्ञान जमलं ते बरंचसं स्पॅनिशमध्ये आहे. कोस्टा रिकाची कोर्बाना ही केळी संशोधन करणारी संस्था तिचे अहवाल स्पॅनिशमध्ये काढते. पनामा, म्हणजे मर रोगाचा टीआर-४ हा भयंकर प्रकार २०१९ मध्ये कोलंबियात सापडला, तेव्हा बागेच्या फाटकावर बूट कसे धुवायचे, कुंपण कुठे घालायचं, मजुराला काय समजावायचं, याच्या चित्रफिती तिकडच्या कृषी खात्यांनी धडाधड काढल्या. सगळ्या स्पॅनिश. हा रोग भारतातही आलेला आहे, बिहार-उत्तर प्रदेशात त्याने बागा मारल्यात, त्यामुळे हा काही दूरच्या देशाचा विषय नाही.

तुम्ही म्हणाल, अहवाल तर मोबाइल वाचून देईल. देईल. अहवालासाठी स्पॅनिश शिकू नका. पण व्हिडिओत बागेत उभा असलेला मुकादम गावरान स्पॅनिशमध्ये चालता चालता जे बोलतो, ते मशीनला अजून नीट झेपत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. केळीवर काम करणारा, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला आणि इक्वेडोरच्या बागाइतदाराशी अर्धा तास थेट बोलू शकणारा माणूस यावल-रावेरमध्ये मला तरी माहीत नाही. निर्यातदार, टिश्यूकल्चर रोपांच्या कंपन्या, खतं-औषधंवाले, या सगळ्यांना तो माणूस हवाय. जर्मन येणारी पोरं जळगावात पुष्कळ आहेत, आणि त्यातली निम्मी मीच तयार केली आहेत.

स्पॅनिश आपल्या तोंडाला सोपी जाते हेही सांगून ठेवते. जवळपास लिहिलं तसं वाचतात. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून येतात, इंग्रजी माणसाला ते जमायला महिने लागतात. क्रियापदांची रूपं मात्र डोकं खातात, त्याची तयारी ठेवा.

डाळीचंही असंच आहे, तुमच्या ओळखीत डाळमिलवाले असतील म्हणून लिहिते. जळगावच्या डाळमिलांना देशातली तूर कमी पडली की बाहेरून येते, आणि त्यातला मोठा वाटा मोझांबिकचा. भारताने २०१६ मध्ये त्या देशाशी तुरीच्या खरेदीचा करारच केलेला आहे. मोझांबिकची सरकारी भाषा पोर्तुगीज. माल तिकडच्या 'नाकाला' नावाच्या बंदरात अडकला, कागदावर सही राहिली, की आपला व्यापारी मुंबईच्या दलालाला फोन करतो, दलाल तिकडच्या गुजराती व्यापाऱ्याला, तो तिकडच्या कारकुनाला. प्रत्येक फोनला पैसे. एखाद्या डाळमिलवाल्याच्या मुलीने वर्षभर पोर्तुगीज केलं तर त्यातले दोन फोन वाचतील. हे मी जाहीर बोलते तेव्हा लोक हसतात, आणि नंतर बाजूला घेऊन क्लास कुठे आहे विचारतात. पोर्तुगीजचा क्लास जळगावात नाही. ऑनलाइनच करावा लागेल, आणि शिकवणारा युरोपातलं पोर्तुगीज शिकवणारा बघा, मोझांबिकचं त्याला जवळचं आहे. ब्राझीलचे उच्चार वेगळे.

अजिंठ्याला गाइड होण्यासाठी भाषा शिकावी का, असंही कोणी विचारेल, त्याचं उत्तर थोडक्यात देते. लेणी जळगाव स्टेशनपासून तासा-दीड तासावर आहेत, बौद्ध देशांतून लोक येतात, आणि जपानी किंवा कोरियनमध्ये नीट बोलणारा परवानाधारक गाइड भाव खातो. पण हे हंगामी काम आहे, आणि त्यात भाषेपेक्षा चित्रांचा अभ्यास जास्त लागतो. जातककथा जपानीत सांगता आल्या पाहिजेत, नुसतं 'इकडे या, तिकडे बघा' चालत नाही.

पैशाचं कारण नसेल तर? तेही कारण असू शकतं, आणि माझ्या वर्गात सगळ्यात चिवट विद्यार्थी तेच असतात. कोरियन मालिका बघून कोरियन शिकणाऱ्या मुलींना घरचे नावं ठेवतात. मी ठेवत नाही. रोज दोन तास ती भाषा आवडीने कानावर पडतेय, एवढा सराव माझ्या पैसे भरलेल्या नर्सही करत नाहीत. विनोबांनी अरबी शिकली ती मूळ कुराण वाचायचं म्हणून, दुसरं काही मिळवायचं नव्हतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, साने गुरुजींनी लिहून घेतली, ती मराठीत, साध्या कैद्यांना कळतील अशी. इतक्या भाषा आलेल्या माणसाची मराठी इतकी सोपी कशी, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, इतक्या भाषा आल्या म्हणूनच ती तशी झाली असेल.

हे शेवटचं मी वर्गातही होताना बघते. बाहेरची भाषा शिकताना पोराचं घरच्या बोलीकडे बघणं बदलतं. खानदेशातली मुलं पुण्याला जातात, 'ळ'च्या जागी 'य' निघाला की मेसमध्ये पोरं हसतात, आणि हा पुढच्या महिन्यापासून घरी फोनवरसुद्धा पुस्तकी बोलायला लागतो. आईला वाटतं, पोरगा परका झाला. तोच मुलगा जर्मनचं व्याकरण करायला लागतो तेव्हा त्याला प्रथमच कळतं की भाषेला नियम असतात आणि ते नियम त्याच्या अहिराणीलाही आहेत. बव्हेरियातला माणूस टीव्हीवर बोलतो ते बर्लिनच्या माणसाला नीट कळत नाही, तरी त्याला कोणी गावंढळ म्हणून गप्प बसवत नाही, हे त्याला दिसतं. ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांचं जे सर्वेक्षण केलं, त्याच्या १९०७ सालच्या खंडात 'खानदेशी', म्हणजे आपली अहिराणी, ही मराठीच्या पोटात घातलेली नाही, भिल्ल भाषांबरोबर वेगळी मांडलेली आहे, हे मी सांगितलं की वर्गात नेहमी एक कुजबुज होते. बरोबर की चूक, तो वाद अभ्यासकांचा. पण आपल्या बोलण्याची कोणी शंभर वर्षांपूर्वी बसून नोंद केली होती, हे ऐकून पाठ जरा सरळ होते. एका मुलाने त्यानंतर वर्गात स्वतःची ओळख आधी अहिराणीत आणि मग जर्मनमध्ये करून दिली. या कारणासाठी कोणी माझ्याकडे फी भरून येत नाही, मिळतं मात्र पुष्कळांना.

तर तुमचं काय. तुमच्या वडिलांचं आणि तुमचं भांडण मला खरं तर भांडण वाटत नाही. बागेत लक्ष घाला आणि स्पॅनिश शिका, माझा सल्ला हा आहे. मित्र जर्मनला चाललेत म्हणून जर्मनला जाऊ नका. जर्मनीला शेती किंवा अन्नप्रक्रियेत पुढचं शिक्षण घ्यायचं मनात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, खर्चाची रक्कम मात्र आधी खात्यात अडकवून दाखवावी लागते. तसं असेल तर खुशाल या, माझ्याकडे जागा आहे.

आधी एक चाचणी करा, फुकटची. इक्वेडोर किंवा कोस्टा रिकाच्या केळीबागेचा एखादा स्पॅनिश व्हिडिओ रोज बघा, तीन आठवडे, खालची भाषांतरित ओळ बंद करून. 'बानानो' आणि 'सिगाटोका' सोडून काही कळणार नाही, हरकत नाही. तीन आठवड्यांनंतरही बघावंसं वाटलं तर क्लास शोधा. कंटाळलात तर वाचले पैसे. वडिलांनाही सोबत बसवा. त्यांना भाषा कळणार नाही, पण पिशवी कशी घातली आणि दोरी कुठे बांधली ते त्यांना तुमच्या आधी कळेल, आणि मग तो काय म्हणतोय ते सांग, असं तेच तुम्हाला म्हणतील.

शिकवणारा निवडताना त्याची पदवी बघण्याआधी त्याच्या वर्गात अर्धा तास बसून बघा. विद्यार्थी बोलतायत की फक्त तोच बोलतोय, एवढं पुरे. जळगाव-भुसावळात स्पॅनिशचे वर्ग नियमित नसतात, ऑनलाइनवर यावं लागेल. लहान बॅच घ्या, पाच-सहा जणांच्या वर नको. ए-२ होईपर्यंत कुठलीही परीक्षा देऊ नका, ए-१ च्या कागदाला बाजारात किंमत नाही. पुढे जर्मन किंवा जपानीकडे वळलात तर परीक्षेला पुणे-मुंबई गाठावी लागते. भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, पण परीक्षेच्या आदल्या दिवशीच पोहोचा, गाडीच्या भरवशावर राहू नका.

आणि सुरुवात जूनमध्ये करू नका. मृगबागेच्या लागणीच्या दिवसांत तुमच्याकडून रोजचा अर्धा तास निघणार नाही, आणि पहिल्याच महिन्यात चार तास बुडाले की पोरं परत येत नाहीत. लागण आटोपून ऑगस्टच्या मध्यावर बसलात तर कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या पुढच्या लागणीच्या, गडबडीआधी पहिले दोन महिने सलग मिळतील. रोज अर्धा तास, रविवार धरून, आणि त्यातली दहा मिनिटं तोंडाने मोठ्याने. घरातले हसतील, त्यांना हसू द्या.